हिरवा दिवा

८ डिसेंबर, सोमवार
आजही ट्रॉलीवरच. लाकडी पाटीच्या दोन टोकांले दोन अँटेना, मधात डबा, डब्याले लॅपटॉप. कंपनी पुण्याची, डबा जहाजासाठी, अन् टेस्टिंग आमच्या पांढुर्ण्याच्या वावरात. समुद्र नाही, पण आभाळ उघडं आहे. साहेबांले तेवढंच पाहिजे, वरून बाबाचा ट्रॅक्टर फुकटात. (साहेब मंजे इथून पुढं नुसतं सा. पूर्ण नाव लिहाची इच्छा होत नाही.)
बाबा आज चिडले. "जहाज कुटं चाल्लं थे मोबाईल सांगते ना? मंग त्याचं तोंड कायले पाह्यजे तुले?"
म्हटलं, बाबा, पाण्यापावसात काळ्या मातीत ट्रॉली घसरते का नाही? तोंड बांधाकडं, अन् चालली नाल्याकडं. जहाज तसंच, पाण्याच्या ओढीनं तिरपं जाते. मोबाईलले घसरणं कळते, तोंड नाही कळत. उभं असलं तर काहीच नाही. माह्या डब्यात दोन अँटेना, सॅटेलाइटचा सिग्नल एकीले आधी भेटते, दुसरीले कणभर मागून. त्या फरकावरून तोंड कळते.
"मंग असं सांग ना सिधं!"
सिधंच तर सांगून राहिली होती.

१० डिसेंबर
बाबा संत्रा घेऊन मंडीत गेले. मीबी गेली, पाटी ट्रॉलीच्या समोरच्या पट्टीले बांधून. म्हटलं रस्त्यावरची टेस्ट होऊन जाईन.
मंडीत टिनाचं मोठं शेड. आमच्या लोकायची सवय, ट्रॉली खाली कराच्या आधी तोंड फाटकाकडं करून ठेवाचं, निघतानी झंझट नाही. बाबानं शेडात घुसून पूर्ण उलटी फिरवली. चार जणांले शिव्या दिल्या, दोन खाल्ल्या.
मी लॅपटॉप पाहिला. ट्रॉलीचं तोंड फाटकाकडं. स्क्रीनवर तोंड अजून भिंतीकडं. अन् दिवा हिरवागार! मंजे सगळं ठीक आहे, भरोसा ठेवा.
आधी हसली. मंग हसू जिरलं. टिनाखाली सिग्नल तुटणारच, त्याचं काही नाही. पण तेवढ्या वेळ वळण मोजाले डब्यात एक चिप असते. ती असून आकडा हललाच कसा नाही?
घरी येऊन डबा खोलला. चिपची जागा रिकामी. नव्या मॉडेलातून काढूनच टाकली. अन् प्रोग्राममधी कोणीतरी लिहून ठेवलं, सिग्नल गेला तर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहा, दिवा हिरवाच ठेवा.
मायबाई. याले चुकी नाही म्हणत.

११ डिसेंबर
सा.ले फोन केला.
"स्वाती, समुद्रावर टिनाचं शेड असतं का गं?" अन् खो खो हसले.
म्हटलं, पूल असते. बंदरात क्रेन असतात. बाजूले मोठं जहाज उभं असते. अन् धुकं असलं तर चालवणारा फक्त स्क्रीनच पाहते.
"चिप महाग पडते. आणि लाल दिवा लागला की कस्टमर घाबरतो. आपण विश्वास विकतो, स्वाती."
विश्वास विकतो म्हणे! थू. असं गोड बोलणं ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं होते. वरून बोलण्यात एकदाही आवाज चढवत नाही हा माणूस.

१३ डिसेंबर
दोन दिवस बसून प्रोग्राम सुधारला. सिग्नल गेला की लाल दिवा, अन् आकडा गायब. चिप नाही तर नाही, खोटं तरी नको. सा.ले पाठवला. उत्तर, एक अंगठा. चला, बरं वाटलं. संध्याकाळी बाबाले भजे करून दिले.

१५ डिसेंबर
सौंसरले आत्याकडं. आत्याचं आपलं तेच, "पांढुर्ण्यात बसून जहाजाचं काम करते म्हणे पोरगी, कोन पोरगा मानन हे?" भावजी (आत्याचे जावई, सरकारी नौकरीत) जेवतानी मले समजावत बसले. "अरे बाई, सगळेच करते असं. तू आपली पगार घे अन् चूप राह्य. तुह्या घरचं कोन बसून राह्यलं त्या जहाजात?"
असं बोलत बोलत वांग्याची भाजी तिसऱ्यांदा घेतली. मले त्यांच्या बोटाकडं पाहवेना.
पण वापस येतायेता गाडीत वाटलं, मीबी तर चूपच आहे. एक प्रोग्राम पाठवला अन् भजे तळले.

१७ डिसेंबर
ग्रुपवर फोटो. खाडीत सवारी नेणारी एक लाँच आहे, तिच्यावर आपला पहिला डबा बसवला. डब्याले हार, कुंकू, नारळ. सा. हात जोडून उभे. खाली पंचवीस जणांचे अभिनंदन.
फोटो मोठा करून पाहिला. लाँच धक्क्यावरच्या छपराखाली उभी. दिवा हिरवा.
माहा प्रोग्राम टाकलाच नाही!
फोन केला. "अगं, तुझं व्हर्जन पुढच्या खेपेला. पूजेच्या फोटोत लाल दिवा बरा दिसतो का?"
मी फोन ठेवून न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

१८ डिसेंबर
बाबाले सगळं सांगितलं. ते संत्र्याच्या झाडाखाली फांदीले टेका लावून राहिले होते. ऐकून खाली बसले.
"कितीक मान्सं बसते त्या लाँचमधी?"
"साठ-सत्तर."
"अन् तू इथं कायची वाट पाहून राह्यली?"
नौकरी जाईन, म्हटलं. इथं बसून असं काम दुसरं कोण देईन? मंग पुन्हा पुण्याची खोली, अन् आई गेल्यापासून तुम्ही इथं एकटे. बाबा टेका लावत राहिले.
मले भेव लागते, हे खरं आहे. सा.ची किळस येते हेबी खरं. दोन्ही एकाच पोटात.

२० डिसेंबर, शनिवार
रात्री आठ वाजता अनोळखी नंबर. लाँचचे तांडेल, तिकडं चालवणाऱ्याले तांडेल म्हणतात. म्हातारा आवाज. डब्यावर मदतीचा नंबर चिकटवला आहे म्हणे, तो माहा! मले न विचारता माहाच नंबर! खोटं त्यांचं, अन् जबाब द्यायले मी.
काकांचं काम साधं होतं, स्क्रीनचा उजेड कमी कसा कराचा. सांगितलं. धन्यवाद ताई म्हणून ठेवतच होते.
"काका, थांबा जरा."
मंग सांगून टाकलं. पुलाखाली, छपराखाली त्या डब्यावर भरोसा ठेवू नका. दिवा हिरवा असला तरी ठेवू नका. लाँच पाण्यानं फिरली तरी तो जुनंच तोंड दाखवीन. तवा आपलं साधं होकायंत्र पाहा.
काका म्हणाले,
"होकायंत्र तर तुमच्या साहेबांनी नेलं, ताई. जुनं द्या, नव्यात सूट घ्या, अशी योजना होती ना."
भांडेवाल्यासारखं! कपडे द्या अन् पातेलं घ्या!
म्हटलं, उद्या लाँच काढू नका. काका म्हणे, मालक माझं ऐकत नाही, तुम्हीच सांगा. मालकाचा नंबर दिला. बाबा दारात उभे होते, बाज ओढून बसले. मी नंबर लावला.
मालकानं शांत ऐकलं. मंग म्हणे, "एक मिनिट हं. तुमचे साहेब इथंच जेवायला बसलेत, त्यांना देतो."
मी म्हटलं, "देऊ नका. स्पीकरवर ठेवा."
ठेवला. दोघांले एकदमच सांगितलं. चिप, हिरवा दिवा, होकायंत्र, सगळं. सा. मधात एवढंच बोलले, "स्वाती, तू दमलेली आहेस." मी थांबली नाही. शेवटी मालक म्हणाला, ठीक आहे, आम्ही आपसात बोलतो. ठेवून दिला.
अर्ध्या तासात कंपनीच्या ग्रुपमधून मले काढलं.
मंग काकांचा फोन. "काय म्हणाले?"
"आपसात बोलतो म्हणाले."
"ते बोलतील हो. सकाळी धुकं पडलं तर मी काय बघून चालवू?"