मैंदर्गी ते सोलापूर, चादरींसाठी

अज्जा, परवा मी मैंदर्गीहून सोलापूरपर्यंत चालत आले, तुझ्या नावानं. तुला जाऊन वीस वर्षं झाली. तू गेलास त्या छातीच्या वॉर्डात अजून दोन रोग्यांत एक चादर असते, म्हणून आम्ही सात शिक्षिका दोन दिवस पायी, गावोगाव चादरी मागत आलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तर माणसं माग थांबवून बाहेर आली, सायकलींच्या कॅरिअरवर गठ्ठे बांधून वॉर्डापर्यंत आली. बहात्तरच्या दुष्काळातून जेमतेम सावरलेली माणसं, पण कुणी हात आखडला नाही.

वाटेत मी काही खाल्लं नाही. एका म्हातारीनं भाकरी पुढं केली, "खा की बाई, उपाशी कशापायी मरतीस?" मी म्हटलं, अज्जाच्या नावानं उपास आहे. ती बाकीच्यांना म्हणाली, "नात असावी तर अशी." मी मान खाली घातली, तर तिला तेही कौतुकाचंच वाटलं.

खरं काय ते तुला आणि मलाच ठाऊक. एक्स-रे काढताना नर्सनं तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग डबीसकट उतरवून माझ्याकडे दिलं. मी ते पदराच्या गाठीत बांधलं, आणि तेवढ्यात अप्पांचा निरोप आला की मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत, लगेच ये. मैंदर्गीला घरी जाऊन मी साडी बदलली, जुनी गाठीसकट खुंटीवर टाकली. लिंगपूजा झाल्याशिवाय तू पाण्याचा घोटही घेत नाहीस, हे आपल्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. मी तर मॅट्रिक झालेली शहाणी! तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा तुझे ओठ फुटले होते. नर्स वैतागलेली, "दोन दिवस नुसतं भूक न्हाय, भूक न्हाय म्हणतेत." माझं नाव तू कुणाजवळ काढलं नव्हतंस. मी डबी तळहातावर ठेवली, तू ती कपाळाला लावलीस आणि विचारलंस, "पोरगा कसा हाय गं? नीट बोलला का न्हाय?" दुसऱ्या दिवशी गेलास. छाती आधीच संपली होती, असं डॉक्टर म्हणाले. असेल. ते वाक्य मी वीस वर्षं औषधासारखं घेतेय, गुण काही येत नाही.

परवा वॉर्डात मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, हिनं आजोबांची शेवटपर्यंत सेवा केली. आता बोलायचंच, असं ठरवून मी उठले आणि "चादरी आधी धुऊन घ्या" एवढं सांगून खाली बसले. फार लाज वाटली.

हे पत्र यांच्या हाती लागायच्या आत मी फाडणार आहे. तेव्हा बघायला आले होते ते हेच. आणि मी विसरले, असं आजवर स्वतःलाही सांगत आले, ते खोटं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला गाठीची आठवण झाली होती, अज्जा. सोलापूरची एसटीही होती. पण पाहुणे संध्याकाळी यायचे होते, आणि मला मुलगा बघायचा होता.