बाणांविरुद्ध प्रदक्षिणा

केंब्रिज (कॅनडा), १८ डिसेंबर २०१७

प्रिय छायाताई,

साष्टांग नमस्कार. कॉलिनचं नाव काढलं की तू फोन दाजींच्या हातात देतेस, म्हणून हे पत्र. गौरांगीच्या लग्नाला येणार नाही असं तू म्हणालीस तेव्हा मी आग्रह केला नाही, कारण माझंही मन त्या मुलावर ठरत नव्हतं.

परवा दोघांनी मला गावाबाहेरच्या एका जुन्या दगडी हवेलीत नेलं. नाताळात तिथे सगळ्या आवारात दिवे लावतात आणि लोक पायवाटेने बघत फिरतात. प्रमिला गेल्यापासून कारखाना आणि घर, याखेरीज मी कुठे जात नाही. ओढूनच नेलं म्हण. गुडघाभर बर्फ, आणि उजेड जणू त्या बर्फाच्या पोटातून वर येत होता. सफरचंदाच्या उघड्या फांद्यांना दिव्यांचा मोहोर आलेला. एवढी माणसं, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हवेलीसमोर एक म्हातारा मेपल, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजळलेला. त्रिपुरी पौर्णिमेला आपली दीपमाळ पेटायची ना, तसा. माझे हात आपोआप जुळले.

आणि मी प्रदक्षिणेला निघालो, झाड उजव्या हाताला ठेवून. वाटेवरचे बाण नेमके उलटे! सगळी गर्दी समोरून अंगावर. पिवळ्या जाकिटातली बाई ओरडली, सर, वन वे! गौरांगी म्हणाली, बाबा, प्लीज, सगळे बघतायत. मी ओशाळलो, पण प्रदक्षिणा अर्ध्यात कशी सोडायची? वळून पाहतो तर कॉलिन माझ्यामागून येतोय, लोकांना सॉरी, सॉरी म्हणत. फेरी पुरी झाल्यावर त्याने विचारलं, किती घालतात? मी म्हटलं, तीन. मग अजून दोन राहिल्या, म्हणाला, आणि त्या थंडीत टोपी काढून पुढे झाला. का घालायच्या, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. गौरांगी आधी हसली, मग मुकाट आमच्यामागे आली. ताई, माझं मन तिथेच ठरलं.

लग्न जूनमध्ये आहे. कन्यादानाला जोडप्याने बसावं लागतं, आणि मी एकटा. टोरोंटोचे गुरुजी म्हणाले, आत्या आणि तिचे यजमान बसले तर उत्तम. इथली ओळखीची माणसंही हौसेने बसतील, पण मी कुणाला विचारलेलं नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात प्रमिलाने जाताना पोरीचा हात तुझ्या हातात दिला होता. तो पुढे द्यायला तू आणि दाजी या.

तुझाच,
जनार्दन