गणपतनं बैल सोडले नाहीत

गणपतच्या बाबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे. जिवंत माणसाला सांगायची लाज वाटते अशी गोष्ट आहे. तिकडं कोणी शिकलेला भेटला आणि त्यानं वाचून दाखवलीच, तर गुमान बसून ऐका. अर्ध्यातून उठून जाऊ नका. ती तुमची सवय मला चांगली ठाऊक आहे!

माझं अक्षर वाकडं आहे. नागभीडला दुसरी शिकले, पुढं बाप म्हणाला, पुरे. तेव्हा चुका काढत बसू नका.

आपल्या गणपतला मुलगी झाली. आज तिची पाचवी. पोरीचे कान तुमचेच आहेत, सुपासारखे. हे मी लांबूनच पाहून सांगते. कारण मी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही.

बायका विचारतात, आजी काऊन घेत नाई? मी सांगते, मी विधवा बाई, माझा हात पहिला नको. बायकांना ते पटतं. गणपतला पटत नाही. काल अंगणात मोहफुलं पसरत होते तर तो येऊन समोर उभा राहिला.

"माय, पोरगी झाली म्हणून तोंड फिरवून राह्यली का तू? तूबी पोरगीच होतीस ना?"

मी फुलं पसरत राहिले. काय सांगणार त्याला? खरं सांगितलं असतं तर त्यानं आणखीच मान फिरवली असती.

आपल्या सुनेनं, यमुनेनंही तेच धरलं आहे. सकाळी पाहिलं तर तिनं लुगडी बांधून ठेवली आहेत. माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, आज गाडी घेऊन येतो आहे. पाचवी झाली की उद्या लेकीला आणि नातीला घेऊन जाणार. आणि जाणार कुठं? त्या घरात बाई कुठं आहे? भावजय मेली म्हणून तर पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी न करता आपल्याकडं केलं. तिथं तिला शेक कोण देणार? पोरीला न्हाऊ कोण घालणार? भाऊ? त्याला स्वतःचा भात शिजवता येत नाही!

मी एक शब्द बोलले तर ती राहील. तो शब्दच तोंडातून निघत नाही. म्हणून आधी तुमच्यापाशी बोलते.

मी यमुनेवर जळते. पोरगी झाली म्हणून नाही. पोरगी कशी झाली, म्हणून.

त्या दिवशी गाव सगळा पहाटेच मोहफुलं वेचायला रानात गेला होता. उन्हं वर आली तशा यमुनेला कळा लागल्या. गणपत धावत जाऊन सुईणीला, आपल्या बायजाबाईला, घेऊन आला. म्हातारी आता वाकली आहे, पण हात तसेच आहेत. भाऊ आधीपासून म्हणत होता, चांद्याच्या दवाखान्यात न्या, तिथं कळा जाणवू नये म्हणून सुई देतात म्हणे. यमुनाच नाही म्हणाली. म्हणाली, "मले आत्याजवळच रायचं आहे." ऐकून मी किती फुगले होते ते काय सांगू!

बायजाबाईनं आड्याला दोर बांधला. यमुना दोर धरून उकिडवी बसली. तिला मागून धरायला मी. बायजाबाई मोहाचं तेल लावून कंबर चोळत होती आणि पोरीच्या कानाशी बोलत होती, "हो, हो. येऊ दे. दात नको आवळू, तोंड मोकळं सोड. वाघीण आहे तू, वाघीण." मी आतूनच गणपतला ओरडले, "गाठी सोड रे!"

तुम्हाला गाठी आठवतात ना? अडलेल्या बाईच्या घरात बांधलेलं काही राहू नये म्हणतात. गणपतनं सगळं सोडलं. कणगीचं झाकण काढलं, बादलीचा दोर सोडला, माझ्या पेटीचं कुलूप उघडलं, स्वतःच्या पागोट्याचाही पीळ काढला. मग गोठ्याशी जाऊन थांबला आणि तिथूनच ओरडला,

"माय, बैलं सोडत नाई मी. सोडले त मले त्याइच्या मांगं जा लागंल!"

बायजाबाई इतकी हसली की तिचा तेलाचा हात थांबला. यमुनाही कळेत हसली. मला हसू आलं नाही. तो टोमणा तुम्हाला होता, गणपतच्या बाबा, आणि तो त्याला मीच शिकवला आहे. जन्मभर ऐकवला ना मी तुम्हाला.

हाच गणपत पोटात अडला होता. धान कापणीला आलं होतं. तुमच्या आईनं म्हटलं, गाठी सोड, आणि तुम्ही सगळ्यात आधी बैल सोडले! गळ्यातली घुंगरं वाजवत बैल निघाले आणि त्यांच्यामागं तुम्ही. गणपत झाला, न्हाला, झोपला, तेव्हा कुठं तुम्ही दिवस मावळताना आलात. म्हणालात, "बैलं लय दूर गेले होते."

दूर? शेजारच्या बिजाबाईनं दुपारीच पाहिले होते ते बैल, आपल्या बोडीच्या काठाला पाणी पिताना. घरापासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर! मग तुम्ही कुठं होता? बैलांमागं गेला होता, की माझं कण्हणं ऐकवेना म्हणून गेला होता? जिवंतपणी टोमणे मारले हजार, पण हे सरळ कधी विचारलं नाही. तुम्ही खरं सांगाल याची भीती वाटत होती बहुतेक.

माझ्या पाठीला त्या दिवशी काय होतं, माहीत आहे? धानाचं पोतं. तुमची आई म्हणाली, टेक याला. टेकले. पोतं बोलत नाही. त्याला घाम येत नाही. कळ आली की ते आपल्याला घट्ट धरत नाही. तोंडात पदराचा बोळा घालून मी त्या पोत्याला पाठ घासत राहिले.

आता यमुनेचं ऐका. दुपार चढली, धरून धरून मी थकले. माझी पकड सुटतेय हे तिला कळलं. म्हणाली, "आत्या, त्याइले बोलवा ना."

मी म्हटलं, "कोणाले?"

"त्याइलेच."

गणपतला! बाळंतिणीच्या खोलीत! मी म्हटलं, "वेडी झाली का? गडीमाणूस आत येत असते का? विटाळ होते."

बायजाबाई कंबर चोळता चोळता म्हणाली, "विटाळ मंग धू वं, पार्वता. पाणी लय आहे नदीले. आधी या पोरीची पाठ धरणारं कोणी दे."

"मी धरून राह्यली ना!"

"तू कुठी धरून राह्यली? तूच तिच्यावर टेकून राह्यली!"

मी उठले आणि दाराची कडी हातात धरून उभी राहिले. किती वेळ उभी होते कोण जाणे. तिकडून यमुना ओरडते आहे, बाहेरून गणपत दार ठोकतो आहे, "माय, उघड! माय!" आणि माझा हात हलत नाही. मला विटाळाचं भय नव्हतं, खरं सांगते. मनात एकच होतं: हिला काऊन मिळावं? मला नाही मिळालं, तर हिला काऊन?

बायजाबाईनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी कडी काढली.

तो आत आला आणि काही न विचारता तिच्या मागं बसला. तिचे दोन्ही दंड धरले. तिची पाठ त्याच्या छातीला लागली आणि ती अशी सैल पडली, अशी, की माझ्या धरण्यानं एकदाही पडली नव्हती. तो म्हणाला, "मी आहो ना."

एवढंच! आणि ती रडायला लागली. मी बाहेर जाऊन कुडाच्या फटीतून पाहत बसले. सासूनं पाहू नये असं काहीच नव्हतं तिथं, तरी चोरासारखी पाहत होते. कळ आली की ती त्याच्या दंडाला चावायची. तो हूं का चूं करेना. कळ गेली की तिच्या कपाळाचा घाम धोतराच्या सोग्यानं पुसायचा. बायजाबाई म्हणायची, "श्वास सोड," तर दोघंही सोडायचे. एकदा त्यानंच आधी सोडला, तर म्हातारी म्हणते, "तुले नाई सांगून राह्यली बापा, तुले नाई होऊन राह्यलं पोर!" आणि आतून तिघांचं हसणं. बाळंतपणात हसणं! मी बाहेर, आणि आत जत्रा!

माझ्याच पोटचा तो. त्याला बाहेर काढताना मला कोणी धरलं नाही, आणि तो मोठा होऊन धरतो कोणाला? तिला.

पोरगी रडली तशी बायजाबाईनं हाक मारली, "ये वं आजी, घे." मी म्हटलं, "माह्ये हात खराब आहेत," आणि गोठ्यात जाऊन बैलांपुढं तणस टाकत बसले. सकाळीच टाकली होती. पुन्हा टाकली.

दुसऱ्या दिवशी बिजाबाई आलीच. "काऊन वं पार्वता, तुह्या पोरानं बाळंतपण केलं म्हणते! आता डिंकाचे लाडू त्यालेच चार. कंबर शेक त्याची!" बायका खिदळल्या. मीही खिदळले. गणपत ओसरीवर होता, त्यानं ऐकलं. दंडावरचा चाव्याचा डाग तेवढा बाहीखाली झाकला. त्याआधी मिरवत होता तो. मी आई ना त्याची? मला ते पाहून बरं वाटलं! अशी बाई आहे तुमची.

आणखी एक लिहिते, मग उठते. तुमच्या शेवटच्या तापात तुम्हाला आडवं पडून श्वास घेता येत नव्हता. तुम्हाला मागून धरून मी बसले होते. तुमची पाठ माझ्या छातीला. तुम्ही सैल पडलात, यमुना पडली तसेच. तेव्हा मी म्हटलं होतं का "मी आहो ना"? आठवत नाही. म्हटलं असेल. नसेल तर तुम्हाला तरी ऐकू आलं होतं का?

थांबा. भावाची गाडी आली.

*

पुन्हा बसले आहे. आता पूजा उरकली, बायका गेल्या. झालं ते सांगते.

भाऊ हातपाय धूत होता. गणपत त्याच्या बैलांना पाणी दाखवायला गेला. मी चुलीवरचं पाणी द्यायला खोलीत गेले. यमुना पोरीला पाजून बसली होती, बोचकं शेजारीच. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आत्या, उद्या सकाळी निघतो आम्ही. पोरगी झाली, तुमच्या मनाले नाई आलं, समजलं मले."

तोंडातून निघूनच गेलं. "पोरीनं काय केलं माह्यं? तुह्यावर जळून राह्यली मी!"

ती पाहतच राहिली. "माह्यावर? काऊन?"

"तुह्या पाठीशी माणूस होता. माह्या पाठीशी पोतं होतं!"

मग सगळं सांगितलं. पोतं, पदराचा बोळा, दिवस मावळताना आलेले तुम्ही. रडले नाही, भांडले. तिच्याशीच भांडले, जणू तुमच्या जागी तीच होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या आत्या, जुनं झालं. पाया पडेल, नाहीतर रडेल. तिनं काय केलं? पोरीला उचललं आणि माझ्या अंगावर टाकलं.

"जळा लागते त जळा," म्हणाली. "पण पोरगी धरून जळा. माह्ये हात भरून आले."

माझीच भाची आहे हो ती!

पोरगी गरम होती. डोकं माझ्या दंडाच्या वळणात बसलं आणि झोपली. भाऊ दारात येऊन लेकीला म्हणाला, "मंग बाई, निघाचं ना सकाळी?" मी म्हटलं, "तू निघ. या दोघी कुठी जाऊन राह्यल्या? सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण घराबाहेर निघते का? तुले अक्कल आहे का?" त्यानं यमुनेकडं पाहिलं. यमुनेनं बोचक्याची गाठ सोडली.

गणपतला अजून काही कळलेलं नाही. त्याला वाटतं आजीला दया आली. वाटू दे. पूजेला मी पोरीला मांडीवर घेऊन बसले आणि बिजाबाईनं पुन्हा लाडवाचं काढलं, तेव्हा सगळ्या बायकांसमोर त्याच्या ताटात डिंकाचा लाडू मीच ठेवला. म्हटलं, "खा. कमावला आहे तू." बिजाबाईचं तोंड पाहायला तुम्ही हवे होता.

जळणं गेलं असं समजू नका. खोटं लिहिणार नाही. आत्ताही तो तिच्या खाटेशी बसून काहीतरी बोलतो आहे आणि माझा कान तिकडंच आहे.

पण तुम्हाला एक वचन देते. ही पोरगी मोठी होईल, नांदायला जाईल, तिचे दिवस भरतील. तेव्हा मी असले, तर तिला माझ्याच दारी आणीन. जावई बाहेर घुटमळत असला तर त्याचं मानगूट धरून मी स्वतः आत ढकलीन, त्याच्या आईनं कितीही बोंब मारली तरी. आणि मग बाहेर बसून पुन्हा जळेन, पोट भरून.

तुमच्यावर अजून रागावलेली,
पार्वता