राजुऱ्याच्या बँडबाईंची वाद्ये

मी, रुबीना जलालुद्दीन शेख, वय सेहेचाळीस, राहणार राजुरा, जिल्हा चंद्रपूर, आश्रमशाळेत बँडशिक्षिका आणि लग्नसराईत मरहूम वडिलांच्या बँडपार्टीत क्लॅरिनेटवादक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणीही भरीस न घालता लिहीत आहे. येत्या गुरुवारी नागपुरात माझ्या जिभेचे ऑपरेशन आहे. जीव वाचेल असे डॉक्टर म्हणतात. फुंकण्याबद्दल आणि बोलण्याबद्दल ते काही म्हणत नाहीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक शरीयतप्रमाणे माझा एकमेव वारस, धाकटा भाऊ रईस, याला मिळावी. वाद्यांची व्यवस्था मात्र मी माझ्या मर्जीने करीत आहे. रईसची त्याला संमती आहे, पण ती सहज मिळाली नाही.

"आपा, हे पितळ भंगारात देऊन टाकू ना. लोकायले आता डीजे पाहिजे."

"तुह्या निकाहात याच पितळावर नाचून कुर्ता फाडला होता तू."

मग तो स्वतःच ढोल पुसायला बसला.

२. अब्बांचे ढोल, साइड ड्रम आणि युफोनियमचा मोठा पितळी कर्णा आश्रमशाळेला द्यावेत. ते कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. मुलांच्या हातून पोचे पडले तरी चालतील.

३. माझे क्लॅरिनेट नववीतल्या दिव्या सिडामला द्यावे. पहिल्या मसुद्यात येथे बँडातला माझा जुना जोडीदार बिरजू (कलम चार पाहावे) याचे नाव होते. पण तो ट्रम्पेटवाला. त्याने ते कापडात गुंडाळून पेटीत जपले असते, आणि लाकडी वाद्य न फुंकता ठेवले तर तडकते. दिव्याचा श्वास लांब आहे. चुकली की ती हसते. तिला त्याबद्दल कुणी रागवू नये.

४. बिरजू कुमरे याच्याविषयी. तो धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा. अब्बांच्या बँडात माझ्या शेजारी चालायचा. मी एक ओळ वाजवली की पुढची तो ट्रम्पेटवर घ्यायचा. लग्ने नसत तेव्हा आम्ही दोघे शाळेतली मुले तयार करायचो. वरातीत दोन पावले चालायचे आणि नाचणाऱ्यांसाठी थांबायचे, एवढीच चाल आम्हाला ठाऊक. तीच मुलांच्या पायांत बसली. एका वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आमचे पथक व्यासपीठापुढे वाजवत उभेच राहिले. मागे पोलिसांची तुकडी खोळंबली. बिरजू माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, नवरदेव कुठी हाय?" तेवढी मी आयुष्यात हसले नाही.

त्याच वर्षी तो हैदराबादच्या मोठ्या बँडात गेला. "येतो बाई," म्हणाला. मी "थांब" म्हणाले नाही. तो गोंड, मी शेखांची. दोन्ही घरांत काय झाले असते ते आम्ही न बोलताच जाणत होतो. त्याने लग्न केले नाही असे कळते. मीही केले नाही. अजूनही वरातीत एक ओळ संपली की मी क्षणभर थांबते. शेजारच्या ट्रम्पेटवाल्याला वाटते, मी त्याच्यासाठी थांबले.

५. माझ्या पश्चात मुख्याध्यापिका इंदुताई मडावी यांनी बिरजूला माझ्या जागी बोलवावे आणि त्याला सांगावे की राजुऱ्यात त्याची वाट पाहिली गेली.

६. पुरवणी. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. आमचे जुने ढोलवाले वारलू आत्राम कलम पाचवर अडले.

"मी सही नाई करत."

"काऊन, वारलूभाऊ?"

"तू मेल्यावर त्याले सांगून काय फायदा? अन् जगली, पण बोलता नाई आलं तं? नंबर हाय ना त्याचा?"

"आहे."

"मंग कागदाले काऊन सांगून राह्यली?"

इंदुताई खिडकीबाहेर बघत हसत होत्या.

सबब कलम पाच मी माझ्या हाताने खोडले असून बाजूला दोन्ही साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत. बिरजूला मी आज स्वतः फोन करणार आहे. काय विचारायचे ते येथे लिहिण्याची गरज नाही.

ठिकाण: राजुरा
दिनांक: २ डिसेंबर २०२४

सही: रुबीना जलालुद्दीन शेख
कलम एक ते तीनला संमती: रईस जलालुद्दीन शेख
साक्षीदार: इंदुताई मडावी, वारलू आत्राम