सरांची शाबासकी

आई, नमस्कार. आधी खुशाली सांगते, मग संताप.

मी ठणठणीत आहे. बरगडी फक्त हसताना दुखते, आणि सध्या हसण्यासारखं काही घडत नाहीये.

काल बास्केटबॉलची मॅच हरलो. आम्हा उंच पोरींना बास्केटखाली उभं करतात, तिथे खेळ कमी आणि रेटारेटीच जास्त. समोरच्या संघातली ती जिराफ, पंचांची पाठ वळली रे वळली की माझ्या बरगडीत कोपर हाणायची. मी वैतागून ढकललं की शिट्टी माझ्यावरच. पाच फाउल झाले आणि मला बाहेर बसवलं. शी!

सर म्हणाले, "उघड ढकलतेस कशाला? तिच्यासारखं कुणाला न दिसता मारायला शीक."

आज सरावात तेच शिकवलं. मी आमच्याच संघातल्या नव्या पोरीला कोपर मारलं. ती कळवळून खाली बसली, आणि सर टाळ्या वाजवत ओरडले, "आत्ता झालीस खेळाडू!" किळस आली गं मला, त्यांचीही आणि माझीही.

बाबांची कंबर कशी आहे? ते विचारतीलच, सरांनी कौतुक केलं का म्हणून. हो म्हण. कशाबद्दल ते सांगू नकोस.

दोनदा आंघोळ करूनही घाण वाटणारी,
तुझी ताडमाड