मधलं टेबल

अण्णा, काल अलिबागेत चिनी नूडल्स खाल्ल्या. आता अलिबागेत सगळं मिळतं, फक्त अलिबागकर शोधावा लागतो. शनिवारी रो-रो बोटीतून मुंबई गाड्यांसकट उतरते आणि आपण आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी पाहुणे होतो. हॉटेल माझ्या लेकीने, तुमच्या नातीने निवडलं होतं. "ते गाडीवरचं शेजवान नव्हे हं पप्पा, खरं सिचुआन," तिने बजावलं. म्हणजे नाक्यावरच्या लाल चटणीचं माहेर.

निमित्त असं, की तिला एक मुलगा आवडलाय आणि त्याच्या आईला मी पहिल्यांदाच भेटणार होतो. घर पेणकडचं, पिढ्यान् पिढ्या मिठागरात राबलेलं, आता ट्रकच्या धंद्यातलं. आपण बौद्ध, हे त्यांना कळलेलं होतं. पण कुणी बोललेलं नव्हतं. कळणं आणि बोलणं यांच्या मधे आपल्याकडे अख्खी खाडी असते. "आज जिभेला सुट्टी द्या," अशी तंबी मला घरूनच मिळाली होती. मुलगा आम्हाला दारात सोडून गाडी लावायला जागा शोधायला गेला. शनिवारी अलिबागेत ते लग्न जमवण्याहून अवघड.

आत शिरल्यावर मी सवयीने मधलं टेबल धरलं. तुम्हाला माणगावच्या एसटी स्टँडसमोरचं ते हॉटेल आठवत असेल. मी लहान आहे, धावत जाऊन कोपऱ्यातलं बाकडं पकडतो, मला वाटतं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही बखोट धरून उठवता. "कोपऱ्यात बसायला आपण काय केर आहोत?" आणि सगळं हॉटेल बघत असताना मला मधोमध बसवता. भजी येतात. मग हळू आवाजात सांगता, की तुमच्या वडिलांना म्हसळ्याच्या बाजारात चहा मिळायचा तो हॉटेलाबाहेर, वळचणीला टांगलेल्या वेगळ्या कपात. प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत टांगायचा. त्यानंतर मी कुठल्याही हॉटेलात कोपऱ्यात बसलेलो नाही. लोकांना वाटतं, मला मिरवायची हौस आहे. तीही आहे.

काल नूडल्स आल्या तरी मुलगा गाडीला जागाच शोधत होता. नूडल्स लाल तेलात बुडालेल्या, वर खिमा आणि शेंगदाण्याचा कूट. मुलाच्या आईने वाडग्यात डोकावून पाहिलं. "एवढं त्याल! आमच्या ट्रकला पन लागत न्हाय." बाई मला तिथेच आवडल्या. तरी जिभेची सुट्टी आठवून मी मुकाट्याने खात राहिलो.

तेवढ्यात मॅनेजर आला. मुंबईचा मोठा ग्रुप आलाय, टेबलं जोडायची आहेत, तुम्ही प्लीज मागच्या कोपऱ्यात शिफ्ट व्हाल का सर, तिकडे एसी पण छान लागतो. माणूस सभ्य होता. त्याच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलाच्या आईने तर पर्सही उचलली.

"नाही," मी म्हणालो.

"सर, फक्त टेबल बदलायचंय."

"मला तेवढंच बदलायचं नाही."

टेबलाखालून लेकीने माझ्या पायावर पाय दिला. मुलाची आई अर्धवट उठलेली तशीच थांबली. "काय झालं दादा? गुडघे दुखतात का?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. लेकीचे डोळे तेच विनवत होते. तिचं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. पण अण्णा, तुमचा नियम गुडघ्याच्या नावावर पाळायचा? मी सगळं सांगितलं. बाकडं, केर, वळचण, कप. सांगता सांगता आवाज जड झाला. मॅनेजर मेन्यूकार्ड छातीशी धरून उभा. लेक वाडग्यात बघत होती.

मुलाची आई परत बसली. पर्स मांडीवर. "आमच्या पडवीत पन व्हता तसा कप," त्या म्हणाल्या. "कोनाड्यात. मी नवी नवरी, मला काय ठावं? त्यात चहा वतून घेतला. सासूबाय अशा वरडल्या!"

"मग?" लेकीला राहवलं नाही.

"मग काय? प्याले. साखर घातलेला चहा कोन टाकतं?" त्यांनी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि मॅनेजरकडे वळल्या. "आमी हितंच हाव. पानी आन, थंड."

तो कप पुढे कोनाड्यातून निघाला की तिथेच राहिला, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारणार आहे, पण लग्नाची बोलणी मधोमध बसून होतील तेव्हा. पहिल्याच भेटीत सगळं उकरायचं नसतं, एवढं मलाही कळतं.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र टाकायला पेटी नाही. निदान लेकीला वाचून दाखवावं म्हटलं, तर तीही सोय नाही. परतताना ती म्हणाली, "पप्पा, आजोबांबद्दल बोलताना तुमचा आवाज दाटलेला मी आज पहिल्यांदा ऐकला." अण्णा, त्या नूडल्समध्ये आपल्या तिरफळासारखे दाणे घालतात. जीभ बधिर होते, शब्द जड पडतात. आवाज त्यानेच दाटला होता, हे मी तिला सांगितलं नाही. निदान अर्धा तरी त्यानेच.