योरुनची भीती पटत नाही

२ मे
पोचले एकदाची. राजधानीतल्या त्या मोठ्या पेपरने पंचावन्नाव्या वर्षी हातात नारळ दिला तेव्हा वाटलं होतं, गुनवोरबाई, संपलं तुमचं. आणि आज या किनाऱ्यावरच्या टीचभर गावात चक्क माझ्यासाठी केक कापला! संपादक तुर्लाइव गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस आहे. म्हणाला, आमच्या पेपरला खराखुरा सिनेमा-समीक्षक कधी लाभलाच नाही, तू फक्त खरं लिही, कोणाची भीडभाड ठेवू नकोस. राहायची खोली बेकरीच्या वर आहे. बेकरीतली योरुन, असेल वीस-बावीसची, नाकाला पीठ लागलेलं, वेलदोड्याचे गरम बन घेऊन वर आली आणि तासभर भयपटांवर बोलत बसली. तिला सगळेच आवडतात! अशीही माणसं असतात. मला मात्र ती आवडली.

५ मे
पहिली समीक्षा छापून आली. सिनेमा नवा भयपट. हल्ली भूत म्हणजे भूत नसतंच मुळी. आई वारलेली असते, मुलगी जुन्या घरी परत जाते, कोपऱ्यात काहीतरी उभं राहतं आणि शेवटी कळतं, की ते तिचं दुःख होतं. अगं बाई, दुःख बघायला मी तिकीट कशाला काढू? घरी आहे की भरपूर. रहस्यपटांचंही तेच. बर्फात प्रेत, दारूत बुडालेला पोलीस, सव्वादोन तास डोक्याला ताप. आणि स्वतंत्र सिनेमावाल्यांचं तर विचारूच नका. कॅमेरा थरथरतो, एक माणूस बटाटे सोलतो, सोलतच राहतो, आणि महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या पिटतात.

शेवटी फाशाचं चित्र टाकलं, दोन टिंबांचं. त्याशिवाय आमच्याकडे समीक्षा वाचतंय कोण? एक टिंब म्हणजे कचरा, सहा म्हणजे सोनं. सहा मी तीस वर्षांत कोणालाही दिलेले नाहीत. अभिमान आहे मला त्याचा.

७ मे
सकाळी दहाला गावच्या थेटरात ‘कोठार’ पाहिला. थेटर चालवणाऱ्या आइलर्टने गावकऱ्यांनाच घेऊन काढलाय. एका मुलीला गावकरी खारवलेल्या माशांच्या कोठारात कोंडतात, एवढीच गोष्ट. मुलगी झालीय योरुन. बाकी तुर्लाइव, औषधवाली बाई, पोलीस, सगळे आहेत. प्रेक्षक मी एकटी, मागे आइलर्ट. मी वही मांडीवर ठेवून अंधारातच लिहिते, ही रोजनिशीची वहीसुद्धा तीच.

तीन दोष लिहिले. कुत्रा मरतो म्हणे. ते पोतं आहे हे आंधळ्यालाही कळेल. मुलगी जिन्यावरून पडते ती गादीवर लोळल्यासारखी. आणि योरुनची भीती पटत नाही. दोन टिंबं. योरुनसाठी तीन करावेसे वाटले, पण खरं लिही म्हणाला ना संपादक? तुर्लाइवने स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही.

८ मे
वाटलं होतं, आज बेकरीत माझ्याशी कोणी बोलणार नाही. तर रस्त्यात माणसं थांबून आभार मानतायत! आइलर्टने माझा लेख थेटरच्या दारावर चिकटवलाय, तिन्ही दोषांखाली रेघा मारून. योरुन म्हणाली, अगदी बरोबर पकडलंस गं, आता बघच, नीट करून दाखवते. तीस वर्षं लिहितेय, माझं कोणी मनावर घेतलं नव्हतं. नवऱ्याने तर जन्मात नाही. वर येऊन रडले, वेडी कुठली.

११ मे
‘कोठार’ पुन्हा दाखवला, सुधारून. कुत्र्याचा प्रसंग बघताना अंगावर काटा आला. लिहिलं, इथे दिग्दर्शकाने लबाडी सोडली आहे. तीन टिंबं.

१२ मे
दुपारी खोकल्याचं औषध आणायला गेले. औषधवालीच्या दुकानाबाहेर तिचा तांबडा कुत्रा कायम बांधलेला असायचा. आज नुसती साखळी होती. औषधवाली म्हणाली, म्हातारा झाला होता तसाही, पण तू किती छान लिहिलंस गं त्याच्यावर! कात्रण पाकिटात ठेवलंय तिने. औषध न घेताच परत आले.

१४ मे
आज पुन्हा दाखवला, जिन्याचा प्रसंग सुधारून. योरुन पडली. आवाज आला तो हाडाचा होता. चार दिले. हो, दिले मी! मला कळलं होतं आणि तरी दिले, कारण प्रसंग चांगला होता.

खाली बेकरीत तिचा हात प्लास्टरमध्ये. बक्षीस मिळाल्यासारखी दाखवत होती. म्हणे, आता पटलं ना?

आइलर्टकडे जाऊन तोंडाला येईल ते बोलले. त्याने मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, आम्ही आमच्या मनाचं काय केलंय? तुझंच तर ऐकतोय. आता एकच राहिलंय, तिची भीती.

१५ मे
पोलिसाकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, कोठाराच्या प्रसंगात माझा चेहरा फार मख्ख दिसतो का?

योरुनचा चांगला हात धरला. म्हटलं, चल माझ्याबरोबर, संध्याकाळची बोट आहे. हसली. सहा मिळाल्याशिवाय कुठे जायचं, म्हणाली. वरून मलाच बन खायला घातला.

१७ मे
राष्ट्रीय दिन. बँड, झेंडे, मुलांच्या रांगा, सगळे ठेवणीतल्या पोशाखात. बेकरी बंद. योरुन कुठेच नाही. ज्याला विचारावं तो सांगतो, चित्रीकरण चाललंय, काल सकाळपासून. कोठाराला कुलूप. आत हाक मारली— बँडच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

कचेरीत जाऊन समीक्षा लिहून टाकली. न बघताच. उत्कृष्ट. भीती पटली. सहा.

१८ मे
तुर्लाइवने कागद परत दिला. ओरडला नाही. खोटं आहे हे, म्हणाला; तुझं खोटं लगेच कळतं गं, तू कधी लिहिलेलंच नाहीस ना. उद्या दहाला बघ. मनापासून असेल ते सांग. सहा असतील तर मुलगी घरी.

धक्क्यावरच्या खिडकीत बोटीचं तिकीट मागितलं. लगेच मिळालं. कोणी अडवलं नाही. तेच तर— अडवलं असतं तर बरं झालं असतं. धक्क्यावर उभी राहिले. तिसरा दिवस आहे तिचा आत. बोट गेली.

१९ मे, थेटरात
सगळं गाव आलंय, कोठारावर थांबलेले दोघे सोडून. पडद्याकडे कोणी बघत नाही. माझ्याकडे बघतायत.

योरुन. कोठारात. आइलर्ट म्हणतो, हे आत्ता चाललंय, कॅमेरा तिथेच आहे, आपला आवाजही तिला जातो—

दार ठोकतेय. एका हाताने. ओठ फाटलेत. गुनवोर, सांग ना गं त्यांना, म्हणते—

पटतंय. देवाशपथ पटतंय. तीस वर्षांत असं कधी—

तिच्या मागून दोघे जण पुढे येतायत. किंचाळली.

आइलर्ट वाकून विचारतोय. माझ्या चेहऱ्यावर टॉर्च धरलाय.

सहा. म्हणाले मी. सहा! आणि खोटं नव्हतं ते. त्यांना कळलं. टाळ्या. तुर्लाइव रडतोय. औषधवालीने मिठी मारली. आइलर्टने फोन काढला, दार उघडा म्हणून सांगायला. नंबर लावता लावता सहज विचारलं, मग आता काहीच खटकलं नाही ना?

नाही. एवढंच म्हणायचं होतं. नाही—

किंचाळी जरा घाईत आली, म्हणाले. एक श्वास थांबली असती तर—

मी म्हणाले. मोठ्याने. हे माझं तोंड—

नाही नाही, चुकून, सहाच, सहाच आहेत, ओरडतेय मी, कोणी ऐकत नाही, फोन खाली ठेवला, सगळे पुन्हा बसतायत. योरुनने ऐकलं. वर कॅमेऱ्याकडे बघतेय. विचारतेय, एकच श्वास का गं, की जास्त— आणि तिच्या मागून ते दोघे पुन्हा—